कित्ता गिरवलेलं अक्षर: बेसबॉलपटूंची बनावट पत्रं कशी ओळखावीत

बेसबॉलवरची सही नकली करायला दोन शब्द जमले की पुरतं. पत्राचं तसं नाही. दीडशे-दोनशे शब्दांचं अक्षर, त्या काळातला कागद, शाई, घड्या, पाकीट, तिकीट, टपालाचा शिक्का, तारीख आणि त्या माणसाला शोभेल असा मजकूर हे सगळं एकाच वेळी जुळवावं लागतं. बनावट करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी बरोबर असावं लागतं, तुम्हाला त्याची एक चूक सापडली तरी काम झालं. तरीही नवा संग्राहक पत्र हातात आलं की थेट खालच्या सहीकडे बघतो आणि तिथेच फसतो, कारण समोरच्याने सर्वांत जास्त सराव त्या सहीचाच केलेला असतो. म्हणून इथे दिलेल्या क्रमात सही मुद्दाम खूप मागे ठेवली आहे.

हा धंदा किरकोळ नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एफबीआयने सॅन दिएगोमधून बनावट सह्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवली, तेव्हा पकडलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले. जाणकारही फसतात. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनमध्ये थोर बेसबॉलपटूंचा सन्मान करणारं हॉल ऑफ फेम संग्रहालय आहे. तिथे मांडलेली नामवंत खेळाडू टाय कॉबची १९४६ सालची डायरी एफबीआयच्या तपासणीत बनावट ठरली, आणि हे २००९ मध्ये बाहेर आलं. न्यू जर्सी किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी वाचकांना घरसामानाच्या विक्रीत, जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन लिलावात अशी पत्रं सहज दिसतात. पैसे देण्याआधी पुढची तपासणी करून घ्या.

आधी हत्यारं

दहा पटीचं चांगलं भिंग, ५० ते २०० पटीचा यूएसबी मायक्रोस्कोप, ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, एक साधी एलईडी टॉर्च, खालून उजेड देणारी पातळ एलईडी पाटी आणि इंच व मिलिमीटर दोन्ही असलेली पट्टी. अतिनील टॉर्च घेताना तरंगलांबी नक्की बघा. बाजारातल्या स्वस्त जांभळ्या टॉर्च ३९५ नॅनोमीटरच्या असतात. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की कागद चमकतोय की टॉर्च, हे कळत नाही. हातमोजे नकोत, सुती मोज्यात बोटांना अंदाज राहत नाही आणि कागदाची कड फाटते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा.

आणि एक सक्त सूचना: शाईवर पाण्याचा थेंब टाकून किंवा ओली काडी फिरवून बघू नका. हा सल्ला अजूनही फिरतो. त्यातून काहीही सिद्ध होत नाही आणि पत्र अस्सल असेल तर ते कायमचं बिघडतं.

पहिली पायरी: तारखा

याला हत्यार लागत नाही आणि याच पायरीवर बरीच पत्रं गळतात. खेळाडूच्या आयुष्याचा एक पानी तक्ता करा: जन्म, मृत्यू, कोणत्या वर्षी कोणत्या संघात, कुठल्या गावी राहत होता, आजारपण कधी. जुन्या नामवंत बेसबॉलपटूंपैकी क्रिस्टी मॅथ्यूसन ७ ऑक्टोबर १९२५ ला वारला, लू गेरिग २ जून १९४१ ला, बेब रूथ १६ ऑगस्ट १९४८ ला, शूलेस जो जॅक्सन डिसेंबर १९५१ मध्ये, साय यंग नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि टाय कॉब १७ जुलै १९६१ ला.

आता या तारखांशेजारी लेखनसाहित्याच्या तारखा ठेवा. अमेरिकेत बॉलपेन २९ ऑक्टोबर १९४५ ला न्यूयॉर्कच्या गिम्बल्स दुकानात विक्रीला आलं, किंमत साडेबारा डॉलर. म्हणजे गेरिगचं किंवा मॅथ्यूसनचं बॉलपेनने लिहिलेलं पत्र असूच शकत नाही. रूथचं असू शकतं, पण फक्त शेवटच्या पावणेतीन वर्षांतलं. लिहिण्याजोगं बारीक टोकाचं फेल्ट पेन १९६० च्या दशकात रुळलं. वरच्या यादीतल्या कुणाच्याही नावावर तसल्या पेनाचं पत्र आलं, तर तिथेच थांबा.

हॉल ऑफ फेमच्या फलकाचं चित्र असलेल्या पोस्टकार्डांवर चार ओळी आणि सही, असाही प्रकार विकला जातो. यातली आल्बर्टाइप कंपनीची तपकिरी झाक असलेली कार्डं १९३६ ते १९५२ मधली, आर्टव्ह्यू कंपनीची १९५३ ते १९६३ मधली आणि रंगीत कर्टाइख कार्डं १९६४ पासूनची. आर्टव्ह्यू कार्डावर रूथची सही म्हणजे माणूस जाऊन पाच वर्षं झाल्यावर केलेली सही. मॅथ्यूसनची तर अशा कुठल्याच कार्डावर असू शकत नाही. हॉल ऑफ फेमची पहिली निवडच १९३६ ची आहे.

दुसरी पायरी: पाकीट, पत्ता, तिकीट

पाकीट असेल तर ते पत्राइतकंच बारकाईने बघा. अमेरिकेत देशांतर्गत साध्या पत्राचा पहिल्या औंसाचा दर असा बदलला: जुलै १९१९ पासून २ सेंट, ६ जुलै १९३२ पासून ३ सेंट, १ ऑगस्ट १९५८ पासून ४ सेंट, ७ जानेवारी १९६३ पासून ५ सेंट. १९१७ च्या नोव्हेंबरपासून १९१९ च्या जूनपर्यंत युद्धामुळे दर ३ सेंट होता. ही अपवादाची खिडकी लक्षात ठेवा, नाहीतर अस्सल पाकीट उगाच बाद कराल. १९२५ सालच्या पाकिटावर ३ सेंट लावलेले असतील तर वजन जास्त होतं का, काही खास सेवा घेतली होती का, हे विचारावं लागेल.

तिकिटाचीही जन्मतारीख असते. बेसबॉलच्या शताब्दीचं जांभळं ३ सेंटचं तिकीट १२ जून १९३९ ला कूपर्सटाउनमध्ये निघालं. बनावट करणाऱ्यांना ते आवडतं, कारण विषयाला शोभतं. त्याआधीच्या शिक्क्याच्या पाकिटावर ते दिसलं तर उघडच गडबड. शिक्क्याची शाई तिकिटावरून पाकिटावर सलग उतरलेली हवी. तिकिटावर अर्धं वर्तुळ आहे आणि पाकिटावर उरलेलं नाही, किंवा आहे पण जुळत नाही, तर तिकीट मागाहून चिकटवलं आहे.

पत्त्यात टपालविभागाचा आकडा, जसं ‘न्यूयॉर्क २४’, हा मोठ्या शहरांत मे १९४३ पासून आला. पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ ला आला आणि राज्यांची दोन मोठ्या अक्षरांची बिनटिंबाची लघुरूपंही त्याच वर्षी आली. त्याआधीची माणसं ‘कॅलिफ.’ असं टिंब देऊन लिहीत, ‘सीए’ लिहीत नसत.

सर्वांत धोकादायक जोडी म्हणजे अस्सल पाकीट आणि नकली पत्र. जुनी रिकामी पाकिटं स्वस्त मिळतात. म्हणून पत्र त्याच्या घड्यांवर दुमडून पाकिटात सरकवून बघा. ते आरामात बसलं पाहिजे आणि नवी घडी घालावी लागता कामा नये. शेजारी शेजारी ठेवून दोन्हीवरची शाई, पेनाच्या टोकाची जाडी आणि अक्षराचा तिरकेपणाही ताडून बघा.

तिसरी पायरी: कागद

पट्टी लावा. अमेरिकन कागद साडेआठ बाय अकरा इंची, किंवा खासगी पत्रांसाठी सव्वासात बाय साडेदहा इंची, नाहीतर हॉटेलांचा त्याहून लहान. २१० बाय २९७ मिलिमीटर भरला तर तो ए-४ आहे, आणि टाय कॉबने ए-४ वर पत्र लिहायचं काही कारण नव्हतं.

खोलीत अंधार करा, डोळे दोन-तीन मिनिटं सरावू द्या आणि अतिनील टॉर्च पाडा. कपड्यांना नीळ देतात तसं कागद शुभ्र दिसावा म्हणून लगद्यात घालायचं एक रसायन असतं, ऑप्टिकल ब्राइटनर. ते साधारण १९५० नंतर कागदात येऊ लागलं. अशा कागदावरून झगझगीत निळा-पांढरा उजेड येतो. जुना कागद मंद, पिवळट किंवा जांभळट दिसतो. तुलनेसाठी शेजारी आजचा प्रिंटरचा कागद ठेवा. १९२७ सालचं पत्र त्या कागदासारखं उजळलं तर प्रश्न मिटला. उलट मात्र खरं नाही: कागद उजळला नाही म्हणून पत्र अस्सल ठरत नाही, कारण हुशार माणूस जुनाच कागद वापरतो.

तो मिळवायचा नेहमीचा मार्ग म्हणजे जुन्या पुस्तकाची कोरी पानं. अशा पानाच्या तीन कडा काळवंडलेल्या असतात आणि चौथी, बांधणीकडची, उजळ किंवा नव्याने कापलेली. तिथे सरसाचा डाग किंवा शिवणीची भोकं दिसू शकतात. मापही विचित्र येतं. दुसरा मार्ग चहा-कॉफीत बुडवून कागद म्हातारा करण्याचा. खरं वय कडांकडून आत शिरतं आणि घड्यांच्या बाहेरच्या बाजूला जास्त असतं. चहाचा रंग सगळीकडे एकसारखा असतो आणि वाळताना कडेला गडद रेघ सोडतो.

मग कागद खालच्या उजेडावर ठेवून जलचिन्ह (वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली, उजेडात दिसणारी खूण) शोधा. कागद कंपनीचं नाव मिळालं तर ती कंपनी आणि ते चिन्ह कधीचं, हे शोधता येतं.

चौथी पायरी: शाई आणि घड्या

इथे घाई करू नका. पत्रात सर्वांत जास्त माहिती इथेच दडलेली असते.

जुन्या कागदाला शाई पसरू नये म्हणून खळ दिलेली असते. पन्नास-साठ वर्षांत ती खळ कमकुवत होते. अशा कागदावर आज लिहिलं की शाई फुटते: रेषेच्या दोन्ही कडांना केसासारखे बारीक फाटे जातात. कागद नवा असताना लिहिलेल्या रेषेची कड भिंगाखाली स्वच्छ दिसते. संपूर्ण पत्रभर शाई फुटलेली असेल तर तो मोठा इशारा आहे. (स्वस्त वहीचा कागद मात्र नवा असतानाही शाई फोडतो, म्हणून आधी कागदाचा दर्जा बघा.)

त्याहून भरवशाची खूण घडीवर मिळते. खरा क्रम असा: आधी लिहिलं, मग दुमडलं. घडी जिथे अक्षरावरून जाते तिथे शाईची रेषा कागदाच्या तंतूंबरोबर तुटते, मधे पांढरं दिसतं. बनावट करणारा आधीपासून दुमडलेल्या जुन्या कागदावर लिहितो. मग शाई घडीत मोडलेल्या तंतूंमध्ये शिरते आणि घडीच्या रेषेवर आडवी पसरते. ५० पटीच्या मायक्रोस्कोपखाली हे स्वच्छ दिसतं. पत्रात अशी पाच-सहा ठिकाणं तरी असतात. प्रत्येकाचा फोटो घ्या. हीच युक्ती फाटक्या कडेला आणि किडीच्या भोकाला लावा: कडेवरून शाई आत झिरपली असेल तर भोक आधीचं आणि अक्षर नंतरचं.

फाउंटन पेनातली निळी-काळी शाई बरेचदा आयर्न गॉल जातीची, म्हणजे लोहयुक्त. ती कागदात मुरते, काळी पडते आणि पुष्कळ वर्षांनी कडेला तपकिरी झाक येते, कधी मागच्या बाजूलाही उमटते. पण प्रत्येक शाईकडून ही अपेक्षा ठेवू नका. कॉबची हिरवी शाई प्रसिद्ध आहे. ती विरघळणाऱ्या रंगाची (डाय) शाई, तिला तपकिरी झाक येत नाही. ती उजेडाने उडते. म्हणून हिरव्या पत्रात वेगळी गोष्ट बघायची: घडीच्या आत झाकून राहिलेला भाग गडद आणि बाहेरचा फिका, असा फरक आहे का. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की हिरवी शाई ही कॉबची खूण आहे हे बनावट करणाऱ्यालाही ठाऊक आहे. ती दिसली म्हणून पारडं जराही झुकू देऊ नका.

पाचवी पायरी: अक्षर

लहानपणी कित्ता गिरवताना हात कसा चालायचा ते आठवा. नजर नमुन्यावर, पेन सावकाश, प्रत्येक वळणावर थांबा. बनावट अक्षर तसंच चालतं. माणूस स्वतःचं अक्षर झरझर लिहितो, त्याला आकार आठवावा लागत नाही.

वेग भिंगाखाली दिसतो. झरझर लिहिलेल्या शब्दाची सुरुवात आणि शेवट निमुळता होतो, कारण पेन हवेतूनच कागदावर उतरतं आणि चालता चालता उठतं. गिरवलेल्या शब्दाची टोकं बोथट असतात, तिथे शाईचा ठिपका साचतो. उभ्या रेषेत दाब आणि वरच्या उचलीत हलकेपणा असा चढउतार खऱ्या अक्षरात असतो. गिरवलेल्यात सगळं एकाच जाडीचं. रेषेत बारीक कंप दिसेल. म्हातारपणाचाही कंप असतो, पण तो सगळ्या पत्रभर असतो, आणि त्यात शब्द पुढे चाललेले असतात. खोटेपणाचा कंप अवघड वळणांवर येतो आणि सोप्या रेषांत नाहीसा होतो. शब्दाच्या अध्येमध्ये पेन उचलून पुन्हा टेकवलेलं, किंवा अक्षर लिहून झाल्यावर वरून दुरुस्त केलेलं दिसलं तर त्याची नोंद करा. घाईत पत्र लिहिणारा सहसा आपल्या अक्षराची डागडुजी करत बसत नाही.

मग टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरून तिरका उजेड पाडा. शाईखाली किंवा शेजारी कोरी खाच दिसली तर आधी बोथट टोकाने उमटवून मग त्यावर शाई फिरवली आहे. पेन्सिलीचे अवशेषही असेच सापडतात.

तुलनेसाठी नमुने कुठून आणायचे, हा खरा कळीचा प्रश्न. लिलावाच्या जुन्या यादीतल्या चित्रांवर विसंबू नका. त्यांतली काही स्वतःच खोटी असतात आणि मग खोट्याला खोट्याचा आधार मिळतो. ज्यांची खोटी प्रत करण्यात त्या वेळी कुणाचा फायदा नव्हता असे कागद धरा: बँकेतून वटून आलेले चेक, करारपत्रं, न्यायालयात दाखल झालेली मृत्युपत्रं, पहिल्या महायुद्धातली १९१७-१८ ची सैन्यनोंदणी कार्डं. ही कार्डं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत. कार्डावरचा मजकूर बहुधा नोंदणी अधिकाऱ्याच्या हातचा असतो, सही त्या माणसाची. पत्राच्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पाच वर्षांतले किमान दहा नमुने हवेत. सही काळानुसार बदलते. रूथ सुरुवातीच्या वर्षांत ‘बेब’ हा शब्द बरेचदा अवतरणचिन्हांत लिहीत असे, नंतर ती चिन्हं गेली.

ताडताना एकेका अक्षराच्या आकाराला सर्वांत कमी महत्त्व द्या, कारण नक्कल नेमकी त्याचीच होते. शब्दांमधलं अंतर, डावा समास खाली जाताना सरकतो का, ओळ चढते की उतरते, कोणती अक्षरं जोडली जातात आणि कुठे तुटतात, आडवी रेघ उभ्या दांडीला कुठल्या उंचीवर छेदते, तारीख कशी लिहिली आहे, हे बघा. या सवयी लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतात, म्हणून त्या लपवता येत नाहीत. पत्राच्या शेवटी-शेवटी विशेष लक्ष द्या. पहिल्या चार ओळी बनावट करणारा सावध असतो, मग कंटाळतो आणि त्याचं स्वतःचं अक्षर डोकावू लागतं.

नमुन्याशी अगदी तंतोतंत जुळणारी सहीही शंकास्पदच. कोणीही दोनदा हुबेहूब सारखी सही करत नाही. दोन चित्रं एकमेकांवर ठेवल्यावर रेघ न् रेघ बसली तर एक दुसरीवरून छापून घेतली आहे.

सरावासाठी घरातली आजी-आजोबांची जुनी पत्रं काढा, भाषा कुठलीही असो. एकाच माणसाच्या अक्षरात किती फरक पडतो, घडीवर शाई कशी तुटते, हे डोळ्यांत बसवायला याहून चांगला नमुना नाही, कारण ती अस्सल आहेत याबद्दल शंका नसते.

सहावी पायरी: लिहिलं कोणी?

पत्र त्या काळातलं, त्या घरातलं, पण अक्षर दुसऱ्याचं, असंही असतं. जो जॅक्सनला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. सही तो कष्टाने, चित्र काढल्यासारखी करायचा, आणि पत्रव्यवहार त्याची पत्नी केटी बघायची. म्हणून जॅक्सनच्या ‘स्वहस्ताक्षरातलं’ दोन पानी पत्र कोणी पुढे केलं तर कागद-शाई तपासायचीही गरज नाही. केटीने लिहिलेलं पत्र हा जुना, आदरणीय कागद आहे, पण त्याची किंमत आणि ओळख वेगळी. गेरिगच्या आजाराचं निदान जून १९३९ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये झालं आणि पुढे हातातली शक्ती जात राहिली. १९४१ सालचं ठसठशीत, सफाईदार अक्षर त्याच्या नावावर दिसलं तर ते कुणाच्या हातचं, हा प्रश्न आधी विचारा.

चाहत्यांना पाठवलेल्या छापील प्रती आणि रबरी शिक्के मायक्रोस्कोपखाली लगेच ओळखू येतात: छपाईत ठिपक्यांची जाळी दिसते, शिक्क्यात रेषेच्या कडांना शाई जास्त आणि मधे कमी.

सातवी पायरी: मजकूर

संग्राहकाला जे वाचायला आवडेल तेच पत्रात लिहिलेलं असेल तर सावध व्हा. रूथ १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या (हंगामाच्या अंतिम मालिकेतल्या), आधी बोटाने दिशा दाखवून मारला म्हणतात त्या प्रसिद्ध होम रनबद्दल अनोळखी मुलाला सविस्तर सांगतोय, कॉब आपल्या शत्रूंची यादी देतोय, असला मजकूर किंमत वाढवण्यासाठी रचलेला असू शकतो. खरी पत्रं बहुधा साधी असतात: सहीची विनंती मिळाली, उशीर झाला, तब्येत बरी, शिकारीला गेलो होतो, तिकिटांचं बघतो. मजकुरातल्या प्रत्येक तपशिलाची त्या दिवसाशी गाठ घाला. पत्र ज्या हॉटेलच्या कागदावर आहे त्या शहरात संघ त्या तारखेला होता का, हे सामन्यांच्या वेळापत्रकावरून पाच मिनिटांत कळतं. यांकी स्टेडियम १८ एप्रिल १९२३ ला उघडलं. त्याआधीच्या पत्रात त्याचं नाव नको.

पैसे देताना

सत्यतेचं प्रमाणपत्र हा एक छापील कागद आहे. तो कोणी दिला यावर त्याचं मोल. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या सह्या तपासणाऱ्या त्रयस्थ संस्थांचं पत्र असेल तर त्यावरचा क्रमांक त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि तिथलं चित्र हातातल्या पत्राशी जुळवा. प्रमाणपत्रंही बनावट असतात. विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राला वजन देऊ नका. ‘कुटुंबाकडून आलं’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कुटुंबाकडून, कधी, पावती आहे का, असं विचारा. खोटं ठरल्यास पूर्ण पैसे परत, त्याला मुदत नाही, हे लेखी घ्या. विक्रेता ६०० डीपीआयची (म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतकी बारीक) स्कॅन द्यायला किंवा पत्र फ्रेममधून काढून मागची बाजू दाखवायला नकार देत असेल तर व्यवहार सोडा. मागची बाजू, कडा आणि घड्या काचेआडून तपासता येत नाहीत.

बाद केलेल्या प्रत्येक पत्राची स्कॅन आणि घडी-शाईचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, तारीख आणि विक्रेत्यासह ठेवा. तोच हात, तोच कंटाळलेला शेवट, कधीकधी तोच कागदाचा गठ्ठा काही महिन्यांनी दुसऱ्या खेळाडूच्या नावाने पुन्हा बाजारात येतो.